अनॉमली स्कॅनमध्ये ‘नीट दिसलं नाही’ म्हणजे नक्की काय?

अनाहत

गेली सतरा वर्षं मी गर्भवतींची सोनोग्राफी करते आहे. दिवसाचा निम्मा वेळ अनॉमली स्कॅनमध्येच जातो, म्हणजे विसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाचा एकेक अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीत. परवा इथल्याच एका धाग्यावर एकीने विचारलं होतं, "रिपोर्टमध्ये लिहिलंय की हृदयाचे सगळे व्ह्यू मिळाले नाहीत. बाळाच्या हृदयात दोष आहे का?" खालचे प्रतिसाद वाचून जीव कळवळला. कुणी म्हणे डॉक्टर लपवतायत, कुणी म्हणे मशीन जुनं असणार. ती मुलगी त्या रात्री झोपली नसेल. ‘दिसलं नाही’ आणि ‘दोष आहे’ यांत फार अंतर आहे. ते कळायला तपासणी चालते कशी हे थोडं ठाऊक असावं लागतं, म्हणून हा धागा काढते आहे.

पोटावर फिरवतो त्या यंत्राच्या मुठीतून, म्हणजे प्रोबमधून, ध्वनिलहरींचा एक पातळ पडदा आत जातो. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. त्या पडद्याच्या वाटेत जे येतं त्याचाच छेद स्क्रीनवर उमटतो, आजूबाजूचं काहीच नाही. लाकडाचा ओंडका आडवा कापला तर वर्तुळं दिसतात आणि उभा कापला तर रेषा. ओंडका तोच असतो. बाळाचंही तसंच. प्रत्येक अवयवासाठी छेद ठरलेले आहेत, आणि तो छेद नेमका मिळाला तरच त्या अवयवाबद्दल बोलता येतं. थोडा तिरका गेला तर निरोगी अवयव विचित्र दिसतो आणि कधी दोष असलेला अवयव साधा वाटतो.

डोक्याचंच बघा. तिथे तीन आडवे छेद घ्यायचे असतात. एकात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, दुसऱ्यात थॅलॅमस हा मेंदूचा मधला भाग (डोक्याची रुंदी आणि घेर इथेच मोजतात), आणि प्रोब मागच्या बाजूला किंचित कलवला की तिसऱ्यात लहान मेंदू. पोकळीची रुंदी १० मिलिमीटरच्या आत हवी. ती मोजताना कॅलिपर (स्क्रीनवरची मापाची खूण) पोकळीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत आणि भिंतीला काटकोनात ठेवायचा. तो जरा तिरपा पडला तर ९ चे १० होतात, आणि त्या एका मिलिमीटरवर एखाद्या घरातल्या पुढच्या महिनाभराची झोप ठरते. मी ते माप तीनदा घेते. पेशंट विचारतात, "काही आहे का हो?" नसतं काही. माप नीट घ्यायचं असतं.

डोक्यातली आणखी एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. प्रोबच्या जवळची कवटी ध्वनी परत परत उसळवते, त्यामुळे मेंदूचा अलीकडचा अर्धा भाग धुरकट दिसतो. आपल्याला स्वच्छ दिसतो तो पलीकडचा अर्धा. अलीकडचा बघायचा तर बाळाने मान वळवायला हवी, किंवा आपण दुसऱ्या बाजूने शिरायला हवं.

आता मला स्वतःला या तपासणीतली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट. विसाव्या आठवड्याच्या आसपास लहान मेंदूची रुंदी मिलिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, २० आठवड्यांना २० मिलिमीटरच्या जवळपास. आकार डंबेलसारखा, आणि त्याच्यामागे पाण्याची एक छोटी काळी जागा. बाळाच्या मणक्याला खाली उघडा दोष असला तर लहान मेंदू खाली ओढला जातो, ती काळी जागा पुसली जाते आणि डंबेल वाकून केळ्याच्या आकाराचं होतं. कवटी पुढून लिंबासारखी चिमटते. १९८६ साली निकोलायडिस, कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन खुणा मांडल्या. म्हणजे पाठीतला दोष, जो पाठीवर शोधताना कधी कधी निसटतो, तो डोक्यात सापडतो. ज्या दिवशी मी पहिल्यांदा ते केळं पाहिलं त्या दिवशीपासून लहान मेंदूचा छेद मिळाल्याशिवाय मी प्रोब खाली ठेवलेला नाही.

बाकीचं भराभर सांगते. चेहऱ्यात ओठांचा समोरून छेद. छातीत फुप्फुसं आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा). जठराचा काळा फुगा हृदयाच्या शेजारी दिसला तर श्वासपटलाला भोक असण्याची शंका घ्यायची. पोटात जठर डावीकडे, नाळ शिरते तिथली भिंत अखंड, दोन मूत्रपिंडं, भरलेलं मूत्राशय. मूत्राशयाच्या दोन्ही अंगांनी कलर डॉपलरमध्ये (यात वाहतं रक्त रंगात दिसतं) नाळेच्या दोन धमन्या दिसतात, नाळेत तीन नळ्या असल्याची ती सोपी खूण. मणका उभा आणि आडवा. हातापायांची लांब हाडं. मग वार, पाणी, गर्भाशयाचं तोंड. हे सगळं १८ ते २४ आठवड्यांत बघतात, कारण तेव्हा अवयव पुरेसे मोठे झालेले असतात, भोवती पाणी भरपूर असतं आणि हाडं अजून फार सावली पाडत नाहीत.

हृदय मुद्दाम मागे ठेवलं आहे. त्याबद्दल विचारा, सविस्तर लिहीन.

कोवळी_पालवी

ताई, ती मुलगी मीच. खरंच झोपले नव्हते. २० आठवडे ३ दिवस झाले आहेत. त्या दिवशी बाळाची पाठ वर होती. मला दोनदा चालून यायला सांगितलं, कुशीवर वळवलं, तरी बाळ ढिम्म. शेवटी रिपोर्टमध्ये लिहिलं की चार कप्पे दिसले, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या नीट दिसल्या नाहीत, दोन आठवड्यांनी परत या. पाठ वर असली तर हृदय का दिसत नाही? आणि दोन आठवडे कशासाठी, दुसऱ्या दिवशी का नाही?

अनाहत

पालवी, बरं झालं लिहिलंस. ध्वनीला दोन गोष्टी आरपार जाऊ देत नाहीत, हाड आणि हवा. (पोटावर जेल लावतात ते याचसाठी, प्रोब आणि कातडीच्या मधली हवा घालवायला.) बाळाची पाठ वर असली की मणका आणि बरगड्या प्रोबच्या बरोबर खाली येतात. त्यांच्यामागे काळ्या पट्ट्यांसारख्या सावल्या पडतात आणि हृदय नेमकं त्या सावलीत बसतं. आम्ही आपसात घड्याळाच्या काट्यात बोलतो. छातीच्या आडव्या छेदात मणका ६ वर असेल तर छाती आमच्याकडे, हृदय उघडं. ३ किंवा ९ वर असला तरी चालतं. १२ वर असला की कपाळाला हात.

अशा वेळी आईला कुशीवर वळवतो, चालायला लावतो, प्रोब पोटाच्या अगदी कडेला नेऊन बरगड्यांच्या मधून शिरायचा प्रयत्न करतो. दहापैकी काही जणींचं बाळ अर्ध्या तासात वळतं, काहींचं दिवसभर नाही. दोन आठवड्यांचं म्हणशील तर दुसऱ्या दिवशीही चालतं. पण विसाव्या आठवड्यात ते हृदय फार लहान असतं आणि त्यातून निघणाऱ्या वाहिन्या काही मिलिमीटरच्या. दोन आठवड्यांत सगळंच थोडं मोठं होतं आणि छेद सोपा पडतो. तुझ्या डॉक्टरांनी न दिसलेलं ‘दिसलं’ लिहिलं नाही, नेमकं काय राहिलं ते लिहिलं. मी असते तर तसाच रिपोर्ट लिहिला असता.

ध्रुव

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, अल्ट्रासाऊंडच्या उपकरणांवर काम करतो. ताईंच्या लिखाणाला थोडी आकड्यांची जोड देतो.

शरीराच्या मऊ भागात ध्वनीचा वेग सेकंदाला सरासरी १५४० मीटर धरतात. मशीन लहर सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळाने परतला यावरून खोली काढतं. पोटावरच्या प्रोबची वारंवारता साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झ, योनीमार्गातून वापरतात त्याची ५ ते ९ च्या आसपास. वारंवारता वाढली की लहर बारीक होते: ३ ला अर्धा मिलिमीटर, ५ ला ०.३ मिलिमीटर. लहर बारीक असली की बारकावा जास्त दिसतो, पण ती लवकर विरते. पोटाची भिंत जाड असेल तर खालची वारंवारता वापरावी लागते आणि चित्र भरड होतं. यात ना आईची चूक, ना डॉक्टरांची.

आता हृदय अवघड का. समजा १५ सेंटिमीटर खोल बघायचं आहे. लहर जाऊन येणार ३० सेंटिमीटर, त्याला सुमारे ०.२ मिलिसेकंद लागतात. चित्राच्या २०० रेषा धरल्या तर एका चित्राला ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. बाळाचं हृदय मिनिटाला १४० ठोके देत असेल तर एका ठोक्याला ०.४३ सेकंद, आणि तेवढ्यात जेमतेम ११ चित्रं. झडपेची उघडझाप तेवढ्यात निसटते. म्हणून हृदय बघताना खोली कमी करतात आणि चित्राचा पंखा अरुंद करतात. रेषा एक तृतीयांश केल्या की त्याच ठोक्यात तीसच्या वर चित्रं मिळतात. आजची मशीनं एका वेळी अनेक रेषा ऐकून हा वेग आणखी वाढवतात, तरी हिशोबाचं मूळ हेच. स्क्रीनवर अचानक पंखा बारीक झालेला आणि हृदय मोठं झालेलं दिसलं तर डॉक्टरांना शंका आली असं समजू नका, ती कामाची पद्धत आहे.

स्पंदन

मी लहान मुलांच्या हृदयरोगाचा डॉक्टर. पोटातल्या बाळांची हृदयंही बघतो. अनाहत यांनी हृदय मागे ठेवलंय, तर मी सुरुवात करतो.

पोटापासून गळ्याकडे प्रोब सरकवत पाच आडवे छेद घ्यायचे. पहिला पोटाचा: जठर डावीकडे आहे ना, महाधमनी आणि महाशीर आपापल्या जागी आहेत ना. दुसरा चार कप्प्यांचा. इथे आधी नुसतं दुरून बघायचं. हृदयाने छातीची साधारण एक तृतीयांश जागा घेतलेली हवी, टोक डावीकडे सुमारे ४५ अंशांत वळलेलं हवं. हा कोन फार बिघडला असेल तर आत काहीतरी असतंच बहुतेक वेळा. मग आत शिरायचं: दोन वरचे कप्पे, दोन खालचे, मध्ये अधिकासारखी फुली, डाव्या वरच्या कप्प्यात फडफडणारा पातळ पडदा, उजव्या खालच्या कप्प्यात टोकाजवळ आडवा स्नायूचा पट्टा. तिसरा छेद डाव्या कप्प्यातून निघणाऱ्या महाधमनीचा, चौथा उजव्या कप्प्यातून निघणाऱ्या फुप्फुसधमनीचा. आणि सगळ्यात वर पाचवा, तीन वाहिन्या आणि श्वासनलिकेचा. तिथे दोन कमानी एकमेकींना मिळून इंग्रजी व्हीचा आकार करतात.

एक फसवी जागाही सांगून ठेवतो. हृदयाचं टोक प्रोबकडे असताना खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत ध्वनीच्या रेषेला समांतर येते. तिचा वरचा भाग इतका पातळ की प्रतिध्वनी परतच येत नाही आणि तिथे भोक असल्यासारखं वाटतं. प्रोब बाजूला नेऊन भिंत आडवी केली की ‘भोक’ नाहीसं होतं. खरं भोक असेल तर ते आडव्या भिंतीतही दिसतं आणि कलर डॉपलरमध्ये त्यातून रक्त जाताना दिसतं. नुसत्या एका चित्रावरून भोक आहे असं सांगून घाबरवलेल्या दोन आया तरी माझ्याकडे दर महिन्याला येतात.

मृण्मयी

हे सगळं वाचून हात थरथरतायत, पण लिहिते.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. अनॉमली स्कॅनच्या रिपोर्टमध्ये हृदयाबद्दल एकच ओळ होती: ‘चार कप्पे नॉर्मल.’ मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. जन्मल्यावर सहा तासांनी तो जांभळा पडायला लागला. नर्सने पाय चोळले, ऑक्सिजन लावला, रंग बदलेना. रात्री दोन वाजता अॅम्ब्युलन्समधून दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथे कळलं की दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली आहे. मी टाके ओले असताना स्ट्रेचरवर, तो पेटीत. देवाच्या कृपेने आणि त्या डॉक्टरांच्या हातांनी वाचला. पण नऊ वर्षं एकच प्रश्न मनात आहे: चार कप्पे नॉर्मल होते, मग हे कसं झालं? कुणी खोटं लिहिलं का?

स्पंदन

मृण्मयीताई, बहुधा कुणी खोटं लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते खरंच असणार. या दोषात चारही कप्पे अगदी व्यवस्थित असतात. बिघाड त्यांच्या वर असतो: महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते आणि फुप्फुसधमनी डाव्यातून. चार कप्प्यांच्या छेदात हे दिसूच शकत नाही, कारण वाहिन्या त्या पातळीत येतच नाहीत. प्रोब तिथून काही मिलिमीटर डोक्याच्या दिशेने कलवला की कळतं. निरोगी हृदयात दोन वाहिन्या निघताना एकमेकींना ओलांडतात, पहिली उजवीकडे जाते आणि दुसरी तिच्यावरून सरळ मागे. तुमच्या मुलाच्या दोषात त्या ओलांडत नाहीत, शेजारी शेजारी समांतर निघतात.

पोटात बाळाला याचा काही त्रास होत नाही, ऑक्सिजन वारेतून येतो. जन्मल्यावर शरीराचं रक्त शरीरात आणि फुप्फुसाचं फुप्फुसात फिरत राहतं. जन्माआधीची जोडनळी उघडी असेपर्यंत थोडी सरमिसळ होते, ती बंद व्हायला लागली की बाळ निळं पडतं. म्हणून सहा तास तो बरा वाटला. आधी कळलं असतं तर प्रसूती हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी झाली असती, नळी उघडी ठेवणारं औषध पहिल्या तासातच सुरू झालं असतं. वाहिन्या जागेवर आणण्याची शस्त्रक्रिया १९७५ साली आदिब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केली, आणि आज ती झालेली बहुतेक मुलं छान वाढतात. तुमचा मुलगा त्यातलाच.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत काय लिहिलं नव्हतं यात आहे. वाहिन्यांबद्दल एक शब्दही नव्हता.

मृण्मयी

नऊ वर्षांत मला हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. चित्र डोळ्यांसमोर आलं. धन्यवाद डॉक्टर. आज रडले, पण बरं वाटलं.

अनाहत

मृण्मयी, तुझा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

याच कारणासाठी आता बहुतेक मार्गदर्शक सूचनांमध्ये चार कप्प्यांबरोबर दोन्ही वाहिन्यांचे छेदही घ्यायला सांगितले आहेत. पण सगळीकडे ते घेतले जातात असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. जन्मणाऱ्या हजार बाळांत साधारण आठ जणांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो, म्हणजे हा विरळा प्रकार नाही.

तपासणाऱ्याच्या हाताने केवढा फरक पडतो याचं जुनं उदाहरण देते. १९९३ साली पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा रेडियस नावाचा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोष असलेल्या बाळांपैकी २४ आठवड्यांच्या आत सापडली फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. मोठ्या केंद्रांत ३५ टक्के, बाकीच्या ठिकाणी १३. मशीनं तेव्हापासून खूप सुधारली, आकडेही सुधारले. पण हात आणि वेळ यांचा फरक आजही तसाच आहे असं माझं स्वच्छ मत आहे. दहा मिनिटांत अनॉमली स्कॅन होत नाही. बाळ अगदी शहाण्यासारखं पडून असेल तरी मला अर्धा तास लागतो.

आणि काही गोष्टी उत्तम हातांनाही दिसत नाहीत, हेही सांगायला हवं. ओठ सलग आणि फक्त मागची टाळू फाटलेली असेल तर ती बहुतेक वेळा निसटते. महाधमनीचा अरुंदपणा पोटात असताना ओळखणं कठीण. काही दोष तर विसाव्या आठवड्यात अजून तयारच झालेले नसतात. लहान आतडं सुरुवातीलाच बंद असेल तर पोटात दोन फुगे दिसतात, पण बहुधा चोविसाव्या आठवड्यानंतर. अकॉन्ड्रोप्लेजियात हाडं आखूड राहतात, पण विसाव्या आठवड्यात मांडीचं हाड मापात असू शकतं.

त्यामुळे रिपोर्ट हातात आला की शेवटची ‘नॉर्मल’ची ओळ वाचून मिटवून ठेवू नका. वर काय काय दिसलं म्हणून लिहिलंय ते वाचा. हृदयापुढे ‘चार कप्पे आणि दोन्ही वाहिन्या’ आहे की नुसतं ‘चार कप्पे’? डोक्यापुढे लहान मेंदू आहे का? नसेल तर तिथल्या तिथे विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

वाटसरू

आम्ही १२ आठवड्यांना एनटी स्कॅन केला होता, सगळं ठीक आहे म्हणाले. मग पुन्हा विसाव्या आठवड्याला कशाला? आणि आता थ्रीडी-फोरडी आलंय, त्यात बाळ जसंच्या तसं दिसतं. मग या छेदांच्या कसरतीची गरज काय?

अनाहत

चांगले प्रश्न आहेत.

एनटी स्कॅनला बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते. मानेमागच्या कातडीखालच्या पाण्याचा थर तेव्हा मोजतात. छेद बरोबर मधोमध उभा, मान ना ताठ मागे ना छातीत घुसलेली, चित्र इतकं मोठं केलेलं की फक्त डोकं आणि छाती मावेल. मान मागे वळलेली असेल तर माप खोटंच वाढतं. हा थर ३.५ मिलिमीटर किंवा जास्त भरला तर गुणसूत्रांबरोबर हृदयाचाही विचार करावा लागतो. कवटी तयार न होण्यासारखे मोठे दोष तेव्हाच दिसतात, आणि ते तेव्हाच कळलेले बरे. पण त्या वयात लहान मेंदू पुरता घडलेला नसतो आणि हृदय दाण्याएवढं असतं. आतडी तर १२ आठवड्यांपर्यंत नाळेच्या मुळाशी पोटाबाहेरच असतात, आणि ते नैसर्गिक आहे. अकराव्या आठवड्यात ती बाहेर दिसली म्हणून कुणी घाबरवलं तर आठवडाभराने पुन्हा बघायचं. म्हणजे बारावा आठवडा आणि विसावा आठवडा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

थ्रीडीचं चित्र शेवटी छेदांतूनच बनतं. मशीन भराभर शेकडो छेद घेतं आणि संगणक ते रचून पृष्ठभाग दाखवतो. बाळाच्या चेहऱ्यासमोर पाणी असेल तरच चेहरा उठून दिसतो. हात किंवा वार आड आली की नाही. मूळ छेद सावलीत असतील तर थ्रीडीही सावलीतच. मला ते दोन-तीन ठिकाणी खरंच उपयोगी पडतं: फाटलेला ओठ आईवडिलांना समजावून सांगायला, मणक्याचा नेमका कुठला मणी बिघडलाय ते मोजायला, आणि मेंदूचा मधला उभा छेद मिळत नसेल तर साठवलेल्या आकारमानातून तो काढायला. हृदयासाठी एसटीआयसी नावाची पद्धत आहे. साधारण दहा सेकंदांत प्रोब आपोआप हृदयावरून फिरतो आणि सगळे छेद ठोक्याशी जुळवून एका धडधडत्या हृदयात रचले जातात. बाई घरी गेल्यावरही मी ते उलटसुलट बघू शकते. पण बाळाची पाठ वर असेल तर त्यातही काळ्या पट्ट्याच.

फोरडीत बाळ जांभई देताना दिसलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मीही थांबून बघते. तो क्षण मोलाचा आहे. तपासणी मात्र त्याच्या आधी झालेली असते, करड्या रंगाच्या सपाट चित्रांत.

ध्रुव

थोडी भर. या सगळ्याची सुरुवात धातूतले तडे शोधणाऱ्या यंत्राने झाली. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी तसल्या यंत्राने गाठी तपासून बघितल्या, टॉम ब्राऊन या तरुण इंजिनियरने त्यांना पोटावर चालेल असं मशीन बनवून दिलं, आणि १९५८ साली जॉन मॅकव्हिकर यांच्यासह तिघांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. आमच्या पेशातल्या माणसाचं नाव त्यात आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

कोवळी_पालवी

एक भीती आहे ती विचारून टाकते. त्या दिवशी पाऊण तास प्रोब पोटावर होता. आता परत तेवढाच वेळ. याने बाळाला काही होत नाही ना?

अनाहत

सोनोग्राफीत एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो. ध्वनीच्या ऊर्जेने ऊती थोड्या तापू शकतात, म्हणून मशीनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात दोन आकडे सतत दिसत असतात, टीआय आणि एमआय. पहिला तापण्याशी निगडित, दुसरा ध्वनीच्या दाबाच्या परिणामांशी. टीआय १ च्या आत ठेवून काम करायचं ही आमची सवय. साध्या करड्या चित्रात तो सहसा त्याच्या बराच खाली असतो. पल्स्ड डॉपलर एकाच जागी ऊर्जा टाकतं, म्हणून पहिल्या तिमाहीत ते गरजेशिवाय लावत नाहीत आणि नंतरही काम झालं की लगेच बंद करतात. प्रोब पाऊण तास पोटावर असला तरी तो एकाच ठिकाणी नसतो. डॉक्टरांनी कारणासाठी वेळ घेतलाय, तू निश्चिंत जा.

कोवळी_पालवी

आज जाऊन आले! थेट तिथूनच लिहिते आहे, बाहेर बसून.

आत गेल्यावर आधी मीच विचारलं, "मणका किती वाजता आहे?" डॉक्टर थबकल्या आणि म्हणाल्या, "पाच वाजता. तुम्हाला कुणी सांगितलं?" मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. पंखा अरुंद झाला (ध्रुव, तुमची आठवण झाली), आणि चार कप्पे समोर आले. तो फडफडणारा पडदा मला ओळखता आला. मग त्यांनी मनगट अगदी थोडं वळवलं आणि एक नळी उजवीकडे निघाली. आणखी थोडं वर, आणि दुसरी तिला ओलांडून गेली. "बघा, फुली झाली," म्हणाल्या. मृण्मयीताई, त्या क्षणी मला तुमचीच आठवण आली.

रिपोर्टमध्ये आता लिहिलंय: चार कप्पे, दोन्ही वाहिन्या, तीन वाहिन्या आणि श्वासनलिका, सगळं दिसलं. फक्त एक नवीन ओळ आहे. डाव्या मूत्रपिंडातली पोकळी ५ मिलिमीटर, ३२ आठवड्यांना परत बघू. ताई, आता हे काय?

अनाहत

फुली दिसली हे वाचून फार बरं वाटलं, पालवी.

मूत्रपिंडाच्या मधली लघवी गोळा होणारी जागा ती. या वयात ४ मिलिमीटरपर्यंत साधी धरतात, तुझ्या बाळाची जराशी वर आहे. अशा बहुतेक बाळांत पुढे ती आपोआप कमी होते. बाकी मूत्रपिंड कसं दिसलं, दुसरी बाजू, मूत्राशय आणि पाणी यांबद्दल काय लिहिलंय? ते ठीक असेल तर आत्ता काही करायचं नाही. ३२ आठवड्यांना ७ मिलिमीटरच्या आत हवी. तेव्हाचा आकडा इथे लिही, आणि माप पुढून मागे आडव्या छेदात घेतलंय का तेही विचारून ये.

कोवळी_पालवी

उजवी बाजू ३ मिलिमीटर, मूत्राशय नॉर्मल, पाणी नॉर्मल लिहिलंय. बाराव्या आठवड्यापासूनचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावलेत. ३२ ला आकडा लिहिते.